निळ्या मोटरसायकलला नंबर प्लेट

१२ एप्रिल
मार्लिस आज डॅनफर्थला बहिणीकडे गेली. आर्डिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. म्हणजे ऑपरेशन जूनमध्ये आहे, पण आधीपासून कुणीतरी जवळ असलेलं बरं. कार घेऊन गेली. सोबत दोन मोठ्या बॅगा, शिवणयंत्र आणि हिवाळ्यातला जाड कोट. कोट कशाला ते कळलं नाही. पण मोंटानात एप्रिलचा तसा भरवसा नसतो.

जाताना दारात थांबून म्हणाली, आर्लेन, एकतीस वर्षांत तू हातात घेतलेली एक तरी गोष्ट शेवटाला नेलेली मला दाखव. एक. मी आठवत होतो, तेवढ्यात ती गेलीसुद्धा. माणसाला उत्तर द्यायला जरा वेळ तरी द्यावा.

बाथरूमची फरशी अर्धी बसवून झाली आहे. मागच्या दाराला तीन पायऱ्या हव्यात, त्यातल्या दोन केल्या आहेत. झालेलं कुणी मोजत नाही, राहिलेलं तेवढं बघतात.

१३ एप्रिल, सकाळी ६.३०
ठरलं. एक गोष्ट शेवटाला न्यायची. शेडमधली निळी मोटरसायकल. सोळा वर्षं ती फक्त शेतात फिरली, कुंपणाच्या तारा बघायला. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही, नंबर नाही. रस्त्यावर आणायला बंदी. तिला रीतसर रस्त्यावर आणायची, नंबर घ्यायचा आणि हायवेने शेहेचाळीस मैल जाऊन आर्डिसच्या दारात उभी करायची. मार्लिस खिडकीतून बघेल. मला काही बोलावंच लागणार नाही.

एप्रिलअखेर दिवे. मेच्या मध्यावर टायर. मेअखेर कागदपत्रं. १ जूनला प्लेट. हेसुद्धा सढळ हाताने धरलं आहे, माझ्या हिशेबाने एवढे दिवस लागणार नाहीत.

१५ एप्रिल
धान्याच्या गोदामावर दिवसभर ट्रक. वजनकाट्यावर उभं राहून पाय गेले. शेड उघडलं नाही. पण मनात कामाची मांडणी केली.

१९ एप्रिल, रविवार
चर्चमधून येताना तिघी बायकांनी हॉटडिश दिलं. काचेची तीन भांडी, खाली खिमा, वर बटाटा. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव, म्हणजे परत करताना घोळ नको. नेहमीचीच पद्धत आहे. एकीने माझा दंड दाबला आणि म्हणाली, आर्लेन, काही लागलं तर हाक मार हं.

वेंडेल कॉफीला आला. वेंडेलचं वेल्डिंगचं दुकान आहे, शाळेपासूनचा मित्र. फ्रिज उघडून बघत राहिला. म्हणाला, लेका, एवढं हॉटडिश मी फक्त घरात कुणी गेल्यावर पाहिलंय. मी म्हटलं, आर्डिसचा गुडघा. तो म्हणाला, कुणाचा काय? मी सगळं नीट समजावलं. तो हं म्हणाला आणि कॉफीत बघत बसला. वेंडेलला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते.

२ मे
शेड उघडलं. मोटरसायकलच्या एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलं आहे. पिल्लं आहेत. पिल्लं मोठी होईपर्यंत काम पुढे ढकललं. मी काही राक्षस नाही.

१७ मे
उंदीर गेले. फिल्टर घेऊन गेले असावेत, कारण त्याचा फारसा भाग उरलेला नाही.

वेंडेलने गाडी दुकानात आणायला लावली. पुढचा दिवा, मागचा दिवा, ब्रेक दाबला की पेटणारा लाल दिवा, हॉर्न, आरसा, रस्त्याचे टायर. मग शेरिफच्या डेप्युटीकडून तपासणी, मग काउंटी ऑफिसात कागद. त्याने हे सगळं बोटांवर मोजलं आणि म्हणाला, आर्लेन, मनापासून विचारतो, पिकअप चांगली चालते की तुझी. मी म्हटलं, पिकअपने गेलो तर तिला वाटेल सामान न्यायला आलोय. वेंडेलने पाना उचलला.

आज आरसा बसवला. जुन्या ट्रॅक्टरचा. त्यात मला माझं कोपर दिसतं, फार स्पष्ट दिसतं. वेंडेल म्हणाला, कायद्यात एवढंच लिहिलंय की आरसा असावा. त्यात काय दिसावं हे लिहिलेलं नाही.

३० मे
हॉर्न. वडिलांच्या धान्याच्या ट्रकचा काढला. आवाज अजून दमदार. अडचण एकच. मोटरसायकलला बॅटरी नाही, आणि इंजिन चालताना तयार होते तेवढीच वीज. हॉर्न दाबला की सगळी वीज हॉर्न खातो आणि इंजिन बंद पडतं. वेंडेल म्हणाला, म्हणजे तुला एकच काहीतरी करता येईल, लोकांना बाजूला व्हा सांगता येईल किंवा पुढे जाता येईल. दुकानात होते तेवढे सगळे हसले. हसायला लोकांना काहीही पुरतं.

१ जून
आज प्लेट मिळायची होती. जूनची तारीख जरा घाईची होती, कुणी धरली कोण जाणे. नवी तारीख ४ जुलै.

९ जून
गाडीचा मालकीचा कागद मार्लिसच्या खणात सापडला. तिचे सगळे कागद नीट लावलेले असतात. आता खण जवळजवळ रिकामा आहे, त्यामुळे लगेच सापडला.

मालकाच्या रकान्यात लिहिलं आहे: मार्लिस जे. स्टेन्सरूड.

खुर्चीवर बसलो. मग आठवलं. माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला तिनेच दिली होती ही गाडी. दोन हिवाळे लोकांचे पडदे शिवून. शेडमध्ये हँडलला लाल रिबीन बांधून ठेवली होती, आणि ती दाराशी उभी राहून माझं तोंड बघत होती. मी इतका खूश झालो होतो की कागद बघायचं सुचलंच नाही. ते सोळा वर्षं सुचलं नाही.

आता तिने विकणारी म्हणून सही केल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होणार नाही. आणि नावावर झाल्याशिवाय नंबर नाही.

वेंडेलला सांगितलं. तो म्हणाला, मग जा की डॅनफर्थला, घे सही, तासाभराचा रस्ता. मी म्हटलं, पूर्ण झालेली गोष्ट अचानक दाखवायची आहे, आधी मागून कसं चालेल? तो बराच वेळ हिशेब करत होता. म्हणाला, म्हणजे गाडी घेऊन तिच्याकडे जायचं तर आधी गाडीशिवाय तिच्याकडे जावं लागणार. मी म्हटलं, तेच तर म्हणतोय. त्याने मला स्वतःच्या डब्यातला पायचा तुकडा दिला, म्हणजे रूबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड पेस्ट्री. वेंडेल स्वतःची पेस्ट्री कुणाला देत नाही.

१६ जून
आज आर्डिसचं ऑपरेशन. दुपारी चौकशीला फोन केला. आर्डिसनेच उचलला. धापा टाकत होती, बागेतून पळत आली म्हणे. मी विचारलं, ऑपरेशन कसं झालं? ती म्हणाली, कुणाचं? मग म्हणाली, अं, हो, पुढे ढकललंय.

डॉक्टर लोकांचं काही खरं नसतं. मार्लिस घरी नव्हती. कुठे होती ते आर्डिसने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२५ जून, दुपारी
शांत डोक्याने विचार केला. एकतीस वर्षांचा संसार. तिचं ते माझं, माझं ते तिचं. मग सही तरी तिचीच का हवी? वर्तमानपत्राच्या कडेला अकरा वेळा सराव केला. तिचं एम मला छान जमलं, खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा सुबक. मग कागदावर एका दमात सही केली.  दोन आठवडे उगाच घालवले.

२६ जून
काउंटी ऑफिसला गेलो. खिडकीवर ट्वायला. ट्वायला आणि मार्लिस चर्चच्या घंटावादनात वीस वर्षं शेजारीशेजारी उभ्या राहून घंटा वाजवतात. हे काल ध्यानात यायला हवं होतं.

तिने कागद घेतला, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाली, आर्लेन, मार्लिसची ख्रिसमसची कार्डं दरवर्षी माझ्या फ्रिजवर असतात. मी म्हटलं, असतील. ती म्हणाली, आणि ही सही नोटरीसमोर करावी लागते. नोटरी मी. आणि मार्लिस मला ईस्टरनंतर दिसलेली नाही. मी म्हटलं, ती डॅनफर्थला आहे. ट्वायला म्हणाली, मला माहीत आहे बाबा ती कुठे आहे.

मग तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाली, हे मी पाहिलेलं नाही. पण कागद आता वाया गेला. यावर खाडाखोड चालत नाही. नवा कागद मालकाने स्वतः येऊन मागायचा असतो. मालक कोण ते तुला सांगायला नको. जा आता, घरी जा, काहीतरी खा. हे सगळं इतक्या हळू आवाजात की मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने टोपी काढली.

सरकारी कारभार. सामान्य माणसाने काही धड करायचं ठरवलं तरी करू देत नाहीत.

४ जुलै
गावात मिरवणूक. मिरवणुकीत नंबर नसलेली गाडीही चालते, म्हणून वेंडेल म्हणाला, काढ ती निळी, एक फेरी मार. मी म्हटलं, मी कायदा पाळणारा माणूस आहे. वेंडेलला ठसका लागला.

११ जुलै
दुसरा आरसा बसवला. आता दोन्ही कोपरं दिसतात.

१८ जुलै
नवे टायर. रस्त्याचे, कायदेशीर.

१९ जुलै
वेंडेलने बॅटरी बसवून दिली. हॉर्न आणि इंजिन आता एकत्र चालतात. वळताना लुकलुकणारे दिवेही लावले, कायद्याने लागत नाहीत तरी. हँडलला नव्या मुठी. साखळीला तेल. बुडाला रंग. वेंडेल हात पुसत म्हणाला, आर्लेन, आता हिच्यावर लावायला मार्लिसच्या सहीशिवाय काही उरलेलं नाही.

मी स्टँडला दुसऱ्यांदा रंग दिला.

२१ जुलै
गारपीट. गव्हाचं नुकसान झालं नाही, माझा मूड गेला. मार्लिसला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय मार्लिस, तुझ्या सहीच्या बाबतीत एक छोटी गोष्ट." फाडलं. सात वेळा लिहिलं, सात वेळा फाडलं. तिची सही मला येते, तिला लिहायचं पत्र मला येत नाही.

दमलो आहे. कामाने नाही. या सगळ्याने.

८ ऑगस्ट, शनिवार
जिल्ह्याच्या जत्रेत मार्लिस चर्चच्या पाय-पेस्ट्रीच्या स्टॉलवर उभी होती. केस कापलेत, कानापर्यंत. चेहरा ताजा दिसत होता. आर्डिसच्या सेवेने खरं तर ती दमायला हवी होती.

रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. ती म्हणाली, रूबार्ब ना? मी म्हटलं, हो, आणि मी तुझी सही केली.

तिला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, मोटरसायकल, कागद, एम, ट्वायला. मागच्या लोकांनी सगळं ऐकलं. मार्लिसने सुरी खाली ठेवली. म्हणाली, तू? माझी सही? ट्वायलासमोर? अरे देवा, आर्लेन. आणि हसायला लागली. टेबलाला धरून हसली, एप्रनने डोळे पुसले, पुन्हा हसली. मग म्हणाली, अरे वेड्या, मागितली असतीस तर दिली असती की. त्यात काय एवढं.

सप्टेंबरमध्ये येऊन नवा कागद मागते म्हणाली, शाळा सुरू झाल्यावर एक दिवस सुट्टी काढून. डॅनफर्थच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आहे. मला म्हणाली, सांगणार होते, तू विचारलं नाहीस.

तिने मला पायचा तुकडा मोठा कापून दिला, आणि पुन्हा एक दिला. पिकअपमध्ये बसून दोन्ही खाल्ले. मी तिला याआधी कधी हसवलं होतं ते आठवत होतो. आठवलं नाही. पण आज हसवलं. सगळं ठीक चाललं आहे.

ऑगस्ट, बाकीचा
कापणी. पहाटेपासून ट्रक. काही लिहिण्याजोगं नाही. पाठ गेली.

१४ सप्टेंबर
मार्लिस गुरुवारी येणार. काउंटी ऑफिस, अकरा वाजता. नंतर साहजिकच घरी कॉफीला येईल.

घर साफ केलं. हॉटडिशची भांडी परत करायची राहिली होती, नऊ निघाली. बाथरूमची फरशी पुरी करायला दुकानात गेलो, तर तो रंग बनायचा बंद होऊन सहा वर्षं झाली. उरलेल्या अर्ध्यावर गालिचा टाकला. छान दिसतो. तिसऱ्या पायरीला लाकूड आणलं. ते दाराशी उभं करून ठेवलं आहे, काम सुरू आहे हे कळावं म्हणून.

१७ सप्टेंबर, गुरुवार
आली. ऑफिसात दहा मिनिटं. ट्वायलाने पेन दिलं आणि म्हणाली, मार्लिस, इथे, आणि इथे, माझ्या डोळ्यांसमोर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू जरा लांब उभा राहा. दोघी हसल्या. मार्लिसने सह्या केल्या, जशा ती नेहमी करते तशा, न थांबता. त्याच सह्यांसाठी मी जूनपासून हातावर हात ठेवून बसलो होतो.

कॉफीचं विचारलं. तिला परत जायचं होतं, उद्याच्या जेवणासाठी बटाटे सोलायचे होते, शंभर मुलांचे. पण म्हणाली, घराशी थांबते, मला आईचा लेफ्सेचा तवा हवाय. ख्रिसमसला बटाट्याच्या पोळ्या करते त्यावर. ती गाडीतच बसून राहिली. मी तवा आणून दिला. तिने दाराशी उभं केलेलं लाकूड पाहिलं असावं.  

आर्डिसचा तवा मोडला असणार. म्हणजे ख्रिसमसपर्यंत ती तिकडे असेल, असं धरून चालायला हवं. गुडघ्यांना वेळ लागतो.

२९ सप्टेंबर
तपासणी. डेप्युटी हॅगन, तिशीचा मुलगा. मी शाळेची बस चालवायचो तेव्हा हा माझ्या बसमध्ये असायचा, मागे दंगा करायचा म्हणून मी त्याला पुढच्या सीटवर बसवायचो. ते तो विसरलेला नाही. म्हणाला, मिस्टर स्टेन्सरूड, आज तुम्ही पुढे बसा.

दिवा लागला. आरसे आहेत. आरशात वाकून बघितलं आणि म्हणाला, यात माझा पट्टा दिसतोय. पण लिहून घेतलं. हॉर्न दाबला तेव्हा रस्त्यापलीकडच्या वेंडेलच्या दुकानातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. डेप्युटी म्हणाला, हे तुम्ही फार क्वचित वाजवा. ब्रेकचा लाल दिवा पेटला नाही. मी गाडीला हलकी लाथ मारली, पेटला. तो म्हणाला, तुम्ही लाथ मारली हे मी लिहीत नाही, पण वायर आज घट्ट करा. केली, त्याच्यासमोर.

सही करताना विचारलं, कुठे जायचंय हिच्यावर? मी म्हटलं, डॅनफर्थ. तो लिहायचा थांबला. मग म्हणाला, हवा बघून जा, मिस्टर स्टेन्सरूड. डॅनफर्थचा सगळा रस्ता उघडा आहे.

५ ऑक्टोबर
प्लेट. ट्वायलाने खिडकीतून सरकवली. केवढीशी आहे, तळहाताएवढी. सहा महिन्यांनंतर जरा मोठी असेल असं वाटलं होतं.

वेंडेलने स्क्रू पिळले आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला, आर्लेन, तू केलंस. मग माझा हात सोडायचं विसरला आणि आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. 

शनिवारी निघायचं.

१० ऑक्टोबर, शनिवार
आठला निघायचं ठरलं होतं, अकराला निघालो. थंडी. दोन स्वेटर, वर वेंडेलचा कोट.

शेहेचाळीस मैल. ताशी पन्नासच्या वर गाडी थरथरते, म्हणून पंचेचाळीसने. समोरून येणारी प्रत्येक पिकअप स्टीअरिंगवरून एक बोट उचलून दाखवते, आपल्याकडे तशी रीतच आहे. उत्तर द्यायला मला हात सोडावा लागे आणि गाडी हेलकावे खाई. तरी प्रत्येकाला दिलं. एकवीस गाड्या. एकवीस लोकांनी मला रस्त्यावर पाहिलं, नंबर असलेल्या गाडीवर.

आर्डिसच्या दारात थांबलो. हॉर्न वाजवला नाही. मार्लिस बाहेर आली, हाताला पीठ. आर्डिस मागे उभी राहिली, दोन्ही गुडघ्यांवर सरळ, आणि आत गेली.

मार्लिस गाडीभोवती फिरली, दोनदा. खाली वाकून प्लेट वाचली. टायरला बोट लावलं. दिवे लावून बघितले. म्हणाली, केलंस की रे. खरंच पुरं केलंस. छान झालीय, आर्लेन. अगदी मनापासून म्हणाली, मला तिचा आवाज ओळखता येतो.

मी म्हटलं, मग कोट घे तुझा.

तिने हाताचं पीठ झटकलं. म्हणाली, आत ये, कॉफी पी, हात गारठलेत तुझे.

स्वयंपाकघरात तिने सांगितलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तिने पोस्टाच्या वर दोन खोल्या घेतल्या आहेत, एकटीसाठी. शिवणयंत्र खिडकीशी राहणार आहे. ती माझ्यावर रागावलेली नाही. मी म्हटलं, पण तूच म्हणालीस ना, एक गोष्ट शेवटाला ने. तिला आठवेना. मग आठवलं. म्हणाली, अरे, ते होय. ते मी जाता जाता बोलले, आर्लेन. दारातून निघताना माणूस काहीतरी बोलतंच. मी निघालेच होते तेव्हा.

सहा महिने. आरसे, हॉर्न, टायर, सही. तिला ते वाक्यच आठवत नव्हतं.

मी विचारलं, मग गेलीस कशाला? तिने बराच विचार केला. तिने नेहमीच विचार करून उत्तर दिलं आहे, माझ्यासारखं नाही. म्हणाली, मला त्या घरात एकटं वाटायचं. तू शेडमध्ये असायचास तेव्हा, आणि नसायचास तेव्हाही.

मला काही सुचलं नाही. वेळ होता, तरी सुचलं नाही. मी कॉफी संपवली. तिने पिशवीत लेफ्से दिली, नवीन केलेली, लोणी लावून. दाराशी तिने माझा कोट वरपर्यंत बंद केला, लहान मुलाचा करतात तसा. मग पटकन हात मागे घेतला.

परत येताना वारा समोरून. आणखी नऊ गाड्या. मी हात सोडला नाही.

आज खरं लिहितो. मार्लिस परत येणार नाही. मला हे एप्रिलमध्ये माहीत होतं, बॅगा उचलून गाडीत ठेवल्या तेव्हाच, कारण त्या जड होत्या. मला फार वाईट वाटतंय. दुसरं काही लिहायचं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार
चर्चनंतर कॉफीच्या टेबलाशी सगळे उभे होते. मी सांगून टाकायचं ठरवलं. म्हटलं, मार्लिस आता डॅनफर्थला राहते. कायमची.

कुणी चमकलं नाही. एकीने माझ्या ताटात केक ठेवला. वेंडेल बुटांकडे बघत होता. ट्वायला म्हणाली, हो रे, आर्लेन. आम्हाला वाटलं होतं तुला माहीत आहे.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी ट्वायलाला विचारलं, मोटरसायकलची नोंदणी पुन्हा कधी करायची, पुढच्या वर्षी ना? मी यादी करून ठेवतो, दिवे पुन्हा तपासायचे असतील, कागद आणायचे असतील.

ती म्हणाली, नाही, मोटरसायकलची एकदाच करतात. तुझं काम संपलं. आता परत यायला नको.

मी बरं म्हटलं. केक खाल्ला.